वाळ्याच्या चांदीचा टाक

नऊ वर्षांची असताना मी दिंद्रुडच्या भर बाजारात एका अनोळखी बाईच्या गळ्याला हात घातला होता. चोरी करायला नव्हे. तिच्या गळ्यात माझी मेलेली माय होती आणि मला ती सोडवून आणायची होती. हे असं एकदम सांगितलं तर कुणीही म्हणेल, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून आधीपासून सांगते.

आमचं गाव दिंद्रुडपासून कोसभर. राज्य निजामाचं. घरात माझे वडील, म्हणजे आबा, त्यांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, माय आणि मी. मी पाच वर्षांची असताना गाठीच्या तापाची साथ आली. सगळं गाव घरं सोडून रानात खोपी घालून राहिलं. माय त्या खोपीतच गेली. मला तिच्याजवळ जाऊ देत नव्हते. शेवटचं पाहिलं ते लांबून, खोपीच्या कुडाकडं तोंड करून निजलेली. तिची पाठ मला आजही आठवते, पाठीवर हिरवं लुगडं होतं.

वर्ष सरल्यावर आबांचं दुसरं लग्न झालं. गाव त्या बाईला 'नवी' म्हणायचं, म्हणून मीही नवीच म्हणायची, आणि तेही तोंडावर. आत्यानं दोनदा दटावलं. तर तीच म्हणाली, "म्हनू द्या वन्सं. हाय की मी नवी." पुढं तिचे केस पांढरे झाले, दात पडले, तरी माझ्या तोंडी ती नवीच राहिली.

आमच्याकडं रीत अशी, की बिजवराच्या बायकोनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, अंगठ्याच्या पेराहून थोडा मोठा, त्यावर उठवलेली बाई. देवघरात देवांचे टाक असतात तसाच, फक्त हा दोऱ्यात ओवून गळ्यात. मेलेलीला डावललं तर ती जितीला सुखानं नांदू देत नाही, असं मानायचे. म्हणून पहिला मान तिचा. नवं लुगडं आलं की पदराचं टोक आधी टाकाला लावायचं. घास आधी टाकाला दाखवायचा. कुंकू आधी टाकाला, मग आपल्या कपाळाला. कुणी हे भीतीपोटी करायचं, कुणी घाईत उरकायचं. नवी मात्र टाकाशी बोलायची. "घ्या बाई, आज हुलग्याचं माडगं हाय, गोड मानून घ्या," असं म्हणायची. मी दाराआडून ऐकायची.

पहिले काही महिने मी तिला जवळ फिरकू दिलं नाही. तिनं घातलेली वेणी मी गोठ्यात जाऊन सोडून टाकायची, तिनं वाढलेली भाकरी कुत्र्याला घालायची. मोठी तिखट होते मी. एक दिवस ती म्हणाली, "माझ्यापाशी नगं येऊ. तुझ्या मायपाशी ये." आणि तिनं टाक पुढं धरला.

मग मात्र मी गेले. दोरा आखूड होता, त्यामुळं टाक नीट बघायचा तर तिच्या मांडीवर बसावंच लागायचं. मी बसायची, टाकाशी खुसुरफुसुर करायची, नवीच्या चुगल्या टाकाला सांगायची. त्या चुगल्या ती मुकाट ऐकून घ्यायची आणि माझ्या डोक्यातल्या उवा काढायची. दोरा तिनं मुद्दाम आखूड करून घेतला होता, हे आत्यानं मला मी लेकुरवाळी झाल्यावर सांगितलं.

असं तीनेक वर्षं चाललं. मग तो बाजार आला. नवी मला बांगड्या भरायला घेऊन गेली होती. कासाराच्या पालापुढं आधीच एक बाई हात पुढं करून बसलेली. ती वाकली तेव्हा तिच्या गळ्यातला टाक बाहेर आला. तेच पोटाशी जोडलेले हात, दाण्यासारखे तेच दोन डोळे, नाकाची तीच एक रेघ. माझी माय तिच्या गळ्यात! मी झडपच घातली. "ही माझी माय हाय, दे," म्हणून दोरा ओढला. बाई घाबरली, तिच्या हातातली अर्धी चढलेली बांगडी फुटली, कासार ओरडला.

नवीनं मला ओढून धरलं आणि त्या बाईला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ती बाई मला बडवणार. पण तिनं आपल्या गळ्यातला टाक माझ्यासमोर धरला. "ही माझी सवत हाय बाळा," ती म्हणाली. "चकलांब्याची व्हती. मी बी कधी बघितली न्हाई." मी नवीच्या गळ्यातला टाक त्याच्या शेजारी धरून पाहिला. दोन्हींवर एकच बाई.

माय मेली तेव्हा मी रडले नव्हते, मला कळलंच नव्हतं. ते सगळं रडणं त्या दिवशी बाजारात बाहेर आलं. तीन वर्षं मी ज्या बाईशी बोलले ती माझी कुणीच नव्हती, असं माझ्या मनानं घेतलं.

नवीनं बांगड्यांचा नाद सोडला आणि मला ओढत सोनाराच्या दुकानात नेलं. दोन्ही टाक त्याचेच. सोनारबाबा म्हातारे होते, त्यांच्या चष्म्याला एका बाजूला काडीच्या जागी दोरा बांधलेला. त्यांनी पेटीतून पितळेचा जाड तुकडा काढला, त्यात एक बाई खोदलेली. "हा ठसा. ह्याच्यावर पत्रा ठिवायचा अन् ठोकायचा," ते म्हणाले. "माझ्या आज्यानं केलेला हाय. ह्या मुलखातल्या समद्या मेलेल्या सवाष्णी ह्याच्यातनंच निघतात."

"मंग त्यात माझी कंची?" मी विचारलं.

"ठशातली बाई कुनाचीच न्हाई, पोरी. म्हनून तर ती कुनाची बी व्हती. ज्यानं त्यानं आपली बघायची."

म्हातारा खोटं सांगत नव्हता, हे आता कळतं. देवाच्या मूर्तीचंही तसंच असतं. पण नऊ वर्षांच्या पोरीला हे कुठलं पटायला. मी म्हणाले, "मला कुनाची बी नगं. माझी पायजे." आणि मग मी जे बोलले ते सोनारबाबा पुढं गिऱ्हाइकांना सांगत असत. आमच्या चावडीत निजामसरकारची तसबीर टांगलेली होती. मी म्हणाले, "राजा आमच्या गावात कधी आला बी न्हाई, पन त्याचं तोंड समद्यांना ठाव हाय. माझी माय गावातच ऱ्हायची. तिचं तोंड कुठंच कावून न्हाई?"

नवी म्हणाली, "बाबा, हातानं न्हाई का घडवता येत?"

"येतं की. पन मी कुठं बघितलीय तिला?"

"हिनं बघितलीय. ही सांगंल. माझ्या गळ्यात हाय ती कोन हाय, मला बी कळू द्या एकदा."

चांदी माझी गेली. मी पाळण्यात असताना मायनं माझ्या पायात घातलेले वाळे आत्यानं जपून ठेवले होते. त्यातला एक मोडायला दिला, एक ठेवला. आत्या कुरकुरली, पण नवीपुढं तिचं काही चाललं नाही.

मग तीन बाजार आम्ही त्या दुकानात बसलो. सोनारबाबा आधी फरशीवर कोळशानं तोंड काढायचे, मी सांगेन तसं पुसायचे, पुन्हा काढायचे. मग राळेवर पत्रा चिकटवून खिळ्यासारख्या बारीक हत्यारांनी ठोकायचे. मी त्यांच्यासमोर बसायची. आत जागा नव्हती, म्हणून नवी उंबऱ्यावर बसून गहू नाहीतर डाळ निवडायची.

"कपाळ कसं?" ते विचारायचे.

"मोठं."

"भुवया?"

"डावी मधीच तुटलेली."

"व्हट?"

"खालचा जाड." मी बिनदिक्कत सांगत सुटले होते. इतकं स्पष्ट दिसत होतं सगळं, की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती.

"हनुवटी?"

"हनुवटीवर गोंदण हाय. तीन ठिपके."

सोनारबाबांचा हात थांबला. त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. ते पुन्हा खाली वाकून कामाला लागले.

तिसऱ्या बाजारी त्यांनी टाक फडक्यात गुंडाळून दिला. देवापुढं उघडायचा, आधी नाही, असं बजावलं. वाटभर तो मी दोन्ही हातांत धरून आणला. घरी देवघरापुढं आत्यानं फडकं सोडलं. चांदीतून एक बाई बघत होती, ओठ मिटून, आत्ता बोलेल अशी. "हीच," मी म्हणाले. "हीच माझी माय."

आत्यानं टाकाकडं पाहिलं, नवीकडं पाहिलं आणि चटका बसावा तसा टाक खाली ठेवला. "हिच्या मायच्या हनुवटीला कुटं व्हतं गोंदन?" ती म्हणाली. "गोंदायला बसली अन् पयल्याच टोच्याला उठून पळाली व्हती, समद्या गावाला ठाव हाय. ही तर तू हायेस गं."

नवीच्या हनुवटीवर तीन ठिपके होते. डावी भुवई लहानपणी विळा लागून तुटलेली होती. खालचा ओठ जाड होता. तीन वर्षं मी त्या तोंडाखाली मांडीवर बसले होते.

"करायला गेले गनपती अन् झाला मारुती," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "जित्या बाईचा टाक म्हंजे यमाला धाडलेला सांगावा. मोडून टाका आजच्या आज."

मी कणगीच्या मागं जाऊन बसले. यमाचं मला काही वाटलं नाही. मला कळलं होतं ते वेगळंच. मी डोळे मिटले, मायला बघायला गेले, आणि नवीच दिसली. पुन्हा मिटले, पुन्हा नवी. माझी माय माझ्या डोक्यातूनही गेली होती, कधी गेली तेही कळलं नव्हतं. इतकं एकटं मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलं नाही, माझा नवरा गेला तेव्हाही नाही.

आबा शेतातून आले. त्यांनी टाक उजेडात नेऊन बराच वेळ पाहिला. "काम चांगलं केलंय," एवढंच म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. माणूस चांगला, पण आतलं बाहेर येऊ द्यायचा नाही. माय कशी दिसायची हे मी त्यांना विचारायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही.

नवीनं नवा टाक दोऱ्यात ओवला, जुना देवघरात ठेवला. आत्या तणतणत होती. नवी तिला म्हणाली, "वन्सं, लेकीच्या मनात आमा दोगींचं तोंड एक झालंय. ते येगळं करनारी मी कोन?" आणि टाक गळ्यात घातला. मग कणगीमागं वाकून मला म्हणाली, "व्हय गं लबाडे, माझंच तोंड सांगत व्हतीस व्हय? सांगायचं तरी, मी डोकं तरी इंचरून बसले असते." मी हसले नाही, पण तिनं हात दिला तो धरून बाहेर आले.

पुढच्या वर्षी ती बाळंतपणाला अडली. दोन दिवस झाले, मूल होईना. मूल मोकळं व्हावं म्हणून सुईणीनं घरातली कुलपं उघडली, पोत्यांच्या गाठी सोडल्या, नवीच्या गळ्यातला टाकाचा दोराही सोडून खुंटीला अडकवला. दुपारी सुईण बाहेर आली आणि आत्याकडं बघून मान हलवली. आत्या बोलून गेली, "टाकानं गुन दावला."

आत्या दुष्ट नव्हती, घाबरली होती. पण मी ते खरं मानलं. एक माय तापानं नेली होती, दुसरी मी माझ्या तोंडानं मारत होते. खुंटीवरचा टाक काढला आणि भर उन्हात दिंद्रुडची वाट धरली. पायात काही नव्हतं. सोनारबाबा नुकतेच जेवून हात धूत होते. "मोडा हे," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मुशीत घाला. ती मरायली."

त्यांनी मला आधी पाणी पाजलं. मग सगळं ऐकून घेतलं. सोनारानंच कान टोचावे म्हणतात, ते त्या दिवशी खरं झालं. ते म्हणाले, "टाकानं कुनी मरत न्हाई, पोरी. अन् कुनी वाचत बी न्हाई. चाळीस वर्सं झाली मला ठोकताना. गेलेल्याला ह्याचा काडीचा उपेग न्हाई. मागं ऱ्हातो त्याला बोलायला एक जागा लागती, तेवढ्यासाठी हे."

"पन हे चुकलंय," मी म्हणाले. "ही माय न्हाई, नवी हाय."

"मला तवाच कळलं व्हतं. मी इचारायचो अन् तू उंबऱ्याकडं बगायचीस."

"मंग सांगितलं कावून न्हाई?"

"तू मायचं तोंड सांगत व्हतीस. मी मायचं तोंड केलं." त्यांनी टाक माझ्या तळहातावर ठेवला. शेगडीत निखारे होते, मूस शेजारीच होती. "चांदी तुझी हाय. मोड म्हनलीस तर मोडतो."

मी टाकाकडं पाहिलं. मूठ मिटली आणि परत पळत सुटले. मला काही शहाणपण सुचलं म्हणून नव्हे. तिथं मूस तापेपर्यंत थांबवेना, मला तिला बघायचं होतं.

घराजवळ आले तर आतून बारकं रडणं ऐकू आलं. माझा भाऊ. नवी पांढरीफटक पडली होती, ओठ सुकून फुटले होते, पण डोळे उघडे होते. मला बघून पहिलं काय बोलली असेल? "टाक कुठंय? सकाळधरनं तिला कुंकू न्हाई लावलं."

मी तो तिच्या गळ्यात बांधला. आत्यानं गुपचूप कुंकवाचा करंडा पुढं केला. नवीनं पडल्या पडल्या टाकाच्या कपाळाला कुंकू लावलं. मी म्हणाले, "ती तूच हायेस."

"असू दे," ती म्हणाली. "तिला बी ठाव हाय." त्या दिवशी मी तिच्या कुशीत शिरून झोपले, बाळाला एका बाजूला सारून.

त्याच भावाचा मुलगा आता शहरात शिकतो. परवा मला ऐकवत होता, की चित्रं आणि मूर्ती हा भरल्या पोटाचा खेळ आहे. मी त्याला म्हणाले, बाबा रे, हुलग्याचं माडगं पिऊन दिवस काढणाऱ्या बाईनं तो खेळ केला नसता, तर तुझी आत्या आज जशी आहे तशी नसती. तो हसला. त्याला हसू द्या, त्याची माय जिती आहे.

नवी पुढं तीस वर्षं जगली. आबा तिच्या आधी गेले. रीतीप्रमाणं तिचं कपाळ मोकळं झालं, हातातल्या बांगड्या गेल्या. टाकाला मात्र कुंकू लागतच राहिलं, कारण माझी माय सवाष्ण गेली होती आणि टाक तिचा होता. मी माहेरी गेले की रोज सकाळी ते बघायची. मोकळ्या कपाळाची नवी चांदीतल्या स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायची, आणि म्हणायची, "घ्या बाई."

ती गेली तेव्हा भाऊ म्हणाला, आता देवघरासाठी हिचा टाक करायला टाकावा लागेल. मी म्हणाले, नको, मी नऊ वर्षांची असतानाच करून ठेवलाय. उरलेल्या वाळ्यासकट तो मी माझ्या घरी आणला. कुंकू लावून लावून त्याचे डोळे पुसट झाले आहेत, तुटकी भुवई गेली, ओठही गेला. बोट फिरवलं तर हनुवटीवरचे तीन ठिपके तेवढे लागतात. पहिल्या मायचं तोंड मला अजून आठवलेलं नाही. तिची पाठ आठवते, आणि गोंदायला बसून ती उठून पळाली ती गोष्ट.

रोज सकाळी मी त्या टाकाला कुंकू लावते. शेजारणी नवीला ओळखणाऱ्या आहेत, एकीनं विचारलंही, की विधवा गेलेल्या बाईच्या टाकाला कुंकू कसं. मी तिला सांगितलं, माझी माय सवाष्ण गेली. त्यात खोटं काही नाही.